आलुबुखारांपायी राहिलेलं व्हेनिस

दारामागच्या खुंटीवरून मी बोलतेय. बीचच्या लाकडाची, वाकड्या मुठीची आणि अंगभर पत्र्याचे बारीक बिल्ले मिरवणारी मी एक काठी. खरं तर मी खुर्ची व्हायची होते. व्सेतीन गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यात मला वाफेच्या पेटीत घालून मऊ केलं, साच्यावर वाकवलं, आणि आता आपण कुणाच्या तरी पाठीला टेका देणार म्हणून मी मनात मांडे खात होते. पण माझ्या अंगात एक गाठ निघाली. मुकादमाने मला जळणाच्या ढिगात भिरकावलं आणि तिथून ओल्द्रिखने मला उचललं.

ओल्द्रिख तिथे लाकूड वाकवायचं काम करी. त्याचं लग्न ठरलं होतं क्वेताशी. ती दवाखान्यात नर्स होती आणि चालण्याची तिला भारी हौस. सोन्याची अंगठी सगळेच देतात, असं म्हणून त्याने मला तासलं, जवसाचं तेल पाजलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"हे काय? मी म्हातारी झाले का?" क्वेता म्हणाली.

"होशील की. तोवर डोंगर चढायला वापर."

आमच्याकडे सुटीच्या दिवशी घरात बसणाऱ्याला आजारी समजतात. पावाचे तुकडे पिशवीत टाकायचे आणि डोंगर गाठायचा. वर टपरीवर त्या जागेचं चित्र असलेला बिल्ला मिळतो. तो दोन चिमुकल्या खिळ्यांनी काठीवर ठोकायचा. नियम एकच, जिथे काठी टेकत स्वतःच्या पायांनी गेलात तिथलाच बिल्ला. दुसऱ्याने आणून दिलेला ठोकणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. मला हे खिळे सुरुवातीला टोचायचे, पण नंतर एकेका बिल्ल्यागणिक मी अशी काही फुगू लागले की विचारू नका.

मला माणसांसारखे डोळे नाहीत. जग मला आधी खालून कळतं, टोकाकडून. ओली माती, पाईनच्या काड्यांची गादी, चर्चसमोरची गुळगुळीत फरशी. माणसं म्हणतात, अमुक गाव पाहिलं. मी म्हणते, अमुक गाव टेकलं.

एकोणसत्तर साली क्वेताने माझ्यावर पेन्सिलीने तीन जागा आखल्या. व्हिएन्ना, साल्झबर्ग, व्हेनिस. आदल्या वर्षी परक्यांचे रणगाडे देशात आले होते, पण पश्चिमेकडची सीमा अजून पुरती बंद झाली नव्हती. दोघांना बाहेर जायचे कागद मिळाले होते. सप्टेंबर ठरला. नवा कोट शिवून झाला. क्वेता स्वयंपाकघरात भांडी घासता घासता इटालियन आकडे पाठ करी, आणि मी कोपऱ्यात उभी राहून पाण्यावर टेकायचं कसं याची स्वप्नं बघत असे.

निघायच्या आधी चार दिवस ओल्द्रिख म्हणाला, "आलुबुखारं पिकलीत. आईला एकटीला आवरायची नाहीत. मुरंबा होऊ दे, दारूचं पिंप भरू दे, मग जाऊ. ऑक्टोबरात."

आमच्या भागात यात कुणाला वावगं वाटत नाही. पिकलेलं आलुबुखार झाडावर सोडून जाणारा माणूस पोरं उपाशी ठेवणाऱ्याच्या पंक्तीला बसतो. मुरंबा झाला, पिंप भरलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सीमा बंद झाली आणि ती वीस वर्षं उघडली नाही.

क्वेता रडली नाही की भांडली नाही. फक्त दर सप्टेंबरात, अंगणातल्या तांब्याच्या हंड्यात मुरंबा रटरटू लागला आणि ओल्द्रिखचा ढवळणारा हात जरा मंदावला, की ती पायरीवरून ओरडे, "ढवळ रे ढवळ, तुझं व्हेनिस करपतंय!" शेजारपाजारचे हसत. ओल्द्रिखही हसे. आणि ढवळत राही.

एका दुपारी मला तेल लावायला त्याने शेडमध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. माणसं काठीशी जे बोलतात ते दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीत. उत्तर येणार नाही याची खात्री असते. तो माझी मूठ पुसत म्हणाला, "आलुबुखारं गेली खड्ड्यात. तिच्या कोटाच्या अस्तरात कागद होते गं. कोट खुंटीला लावताना कुरकुरले. दोन टाके उसवून बघितलं. तिचा जन्माचा दाखला, नर्सिंगचा दाखला. ती परत येणार नव्हती. मला तिथे सोडून जाणार होती."

मग त्याने बाटली उघडली आणि मला तेल लावलं.

तेव्हापासून हे गुपित माझ्या अंगात मुरलं. त्याने लबाडीने बायकोला घरी ठेवून घेतलं होतं, आणि ती मात्र त्याला फक्त आलुबुखारांचा लोभी समजत होती. दरवर्षी तो म्हणे, या वर्षी सांगतो. आणि दरवर्षी त्याची छाती होत नसे. खरं कळलं तर ती निघून जाईल, ही भीती त्याला झोपेतही सोडत नव्हती.

पुढे क्वेताचं कंबरेचं हाड झिजलं. डोंगर सुटले. दुकानापर्यंत जायलाही मी लागू लागले, आणि माझी मूठ तिच्या तळव्यासारखी झाली.

मग एक दिवस सीमा उघडली. पुढच्या सप्टेंबरात गावातून बस निघाली, व्हिएन्ना, साल्झबर्ग, व्हेरोना, व्हेनिस. झाडांवर आलुबुखारं लगडली होती. ओल्द्रिखने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि बॅग उचलली. "पडू देत," तो म्हणाला. क्वेताने त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

मी सामानाच्या फळीवर आडवी पडले. खाली चाळीस माणसं, आणि प्रत्येकाच्या डब्यात पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप. सगळी बस त्या वासाने भरून गेली होती. वाट दाखवायला भूगोलाचे स्कोपाल मास्तर. तीस वर्षं त्यांनी पोरांना व्हिएन्ना शिकवली होती, पण पाहिली नव्हती. हातात आजोबांच्या वेळचं पुस्तक.

"उजवीकडे घोड्यांच्या ट्रामचा थांबा!" मास्तर ओरडले.

"मास्तर, घोडे केव्हाच मेले," मागच्या सीटवरच्या हाविलकोवाबाई म्हणाल्या. त्या आमच्या गल्लीतल्याच, आणि गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

व्हिएन्नाची फरशी टणक आणि शिष्ट निघाली. टेकलं की टक् करून उत्तर द्यायची. आमच्याकडे सणासुदीलाच मिळणाऱ्या केळ्यांच्या दुकानापुढे क्वेता किती वेळ उभी राहिली. साल्झबर्गला पाऊस शिंपडून गेला होता, दगड गार होते, नदीकाठची वाळू माझ्या टोकाला चिकटली. दोन्हीकडे बिल्ले मिळाले. ओल्द्रिखने ते बुटाच्या टाचेने ठोकले आणि क्वेता माझ्या अंगावरून बोट फिरवत म्हणाली, "आता एकच उरलं." व्हेरोनाची फरशी ऊन पिऊन बसली होती, तिच्यावर टेकताना मला पेंग येई. फळीवर परतले की तिन्ही गावं माझ्यात एकमेकांत मिसळत. व्हिएन्नाच्या फरशीवर साल्झबर्गची वाळू, तिच्यावर व्हेरोनाचं ऊन. बस कधी चालतेय आणि कधी थांबलीय तेही कळेना. स्वप्नातलं आणि खरं यातली शिवणच उसवली होती जणू.

आणि व्हेनिस. तिथे खालून काहीतरी हलत असल्यासारखं वाटलं. दगड होते, पण झोपेत कूस बदलणारे. जिन्यांच्या पायऱ्यांवर शेवाळाची साय होती. मी हलकेच टेकत होते, जागं करू नये म्हणून.

"पाच म्हणजे पाच!" मास्तर म्हणाले होते. "बस कुणासाठी थांबणार नाही."

पण ते गाव पुलांचं, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. चौथ्या पुलाशी क्वेताची कंबर बोलू लागली. दोन दुकानांत ओल्द्रिखने काठीच्या बिल्ल्याची चौकशी केली. हातवारे करून मला पुढे धरलं. एकाने काचेचा मासा दाखवला, दुसऱ्याने रबरी बूट लावलेली नवी काठी. मोठा चौक अजून बराच लांब होता.

"तू जाऊन ये," क्वेता पायरीवर बसत म्हणाली. "मला सांग कसा आहे."

"तुझ्याशिवाय जाऊन काय बघू?"

"अरे, एकवीस वर्षं वाट पाहिली आणि आता लाजतोस काय?"

तो तिच्याजवळ बसला. खाली पाणी भिंतीला चाटत होतं. एक बाई वरच्या खिडकीतून चादरी ओढून घेत होती. क्वेताने डबा उघडला, एक काप त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. तिची मांडी माझ्या अंगाला टेकली होती, आणि ती सुखात होती हे मला कळत होतं. मला वाटलं, आता नको. आज नको. पण तो बोललाच.

"क्वेता, ते आलुबुखारांचं निमित्त होतं."

"कसलं?"

"तेव्हाचं. आईने एकटीने केलं असतं सगळं. मी मुद्दाम लांबवलं. वर्तमानपत्रात वाचत होतो, सीमा बंद होणार असं दिसत होतं. मी त्याचीच वाट बघत होतो."

क्वेताचा घास तोंडातच राहिला.

"तुझ्या कोटाच्या अस्तरात कागद होते. तुझे दाखले. मी पाहिले. तू मला सोडून जाणार होतीस, म्हणून मी…" त्याने काप डब्यात परत ठेवला. "आता सीमा उघडी आहे. तुला राहायचं असेल तर राहा. मी अडवणार नाही. पण एकदा सांगायचं होतं."

क्वेताने घास गिळला. डब्याचं झाकण लावलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "कुठल्या बाजूचं अस्तर?"

"म्हणजे?"

"उजव्या की डाव्या?"

"उजव्या."

"डावी बाजू चाचपलीस?"

ओल्द्रिखने नकारार्थी मान हलवली. तिचा तळवा माझ्या मुठीवर घामेजला होता.

"डाव्या बाजूला तुझे होते, ओल्द्रिख. तुझा जन्माचा दाखला, तुझा कारागिरीचा दाखला. तुझ्या आईच्या कपाटातून चोरले होते मी. नीट इस्त्री करून, रेशमाच्या तुकड्यात गुंडाळून शिवले, आवाज होऊ नये म्हणून. माझे घाईघाईत शिवले. म्हणून तेवढेच कुरकुरले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"इथे पोचल्यावर विचारणार होते. नको म्हणाला असतास तर परत आले असते. आधी सांगितलं असतं तर सीमेवर शिपायासमोर तुझे कान लाल झाले असते. तुला खोटं बोलता येत नाही असं मला वाटायचं ना." तिने डबा पिशवीत ठेवला. "एकवीस वर्षं मी तुला मुरंब्यावरून चिडवत होते. एकदाही तुझे कान लाल झाले नाहीत."

ती उठली. मला तिथेच ठेवून, कठड्याला धरत पायरी पायरी पूल चढली आणि पलीकडे उतरली. ओल्द्रिख मला मांडीवर आडवी घेऊन बसून राहिला. आपण दोघेही जळणाच्या ढिगात पडलोय, असं मला वाटत राहिलं. मला माहीत होतं ते सगळं. पण मलाही अर्धंच माहीत होतं.

साडेचारला ती परतली. डोळे सुजलेले. "काठी दे," एवढंच म्हणाली. त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

बसमध्ये ती हाविलकोवाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "काय गं, भांडलात?" बाईंनी विचारलं. क्वेता खिडकीबाहेर बघत राहिली, आणि हाविलकोवाबाई आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसल्या. फळीवरून मला ओल्द्रिखचा श्वास ऐकू येत होता. अख्खा ऑस्ट्रिया उलगडत गेला आणि तो एकदाही मागे वळला नाही. मागे बघायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं त्याला वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा आली. आमचाच शिपाई बसमध्ये चढला आणि एकेकाचं पारपत्र मागू लागला. ओल्द्रिखने खिसे चाचपले. त्याचं पारपत्र क्वेताच्या पर्समध्ये होतं. घरातले कागद नेहमी तीच सांभाळी. शिपाई त्याच्यापुढे हात धरून उभा राहिला. तेव्हा क्वेता मागून उठली, सीटांना धरत लंगडत पुढे आली, त्याच्या शेजारी बसली आणि दोन्ही पारपत्रं एकात एक घालून तिने शिपायाला दिली.

"दोघांची आहेत," ती म्हणाली. "एकत्रच राहू देत."

शिपाई पुढे गेला. ती उठली नाही. ओल्द्रिख तोंड झाकून रडला, अगदी मोठ्याने, सगळ्या बसदेखत. तिने त्याला गप्प केलं नाही.

याला बरीच वर्षं झाली. क्वेताला डॉक्टरांनी चार पायांची लोखंडी चौकट दिलीय, ती घरभर खडखडत फिरते. मी आता ओल्द्रिखची झालेय. रोज सकाळी तो मला घेऊन पाव आणायला जातो. दोघं बोलतात, भांडतात, एका ताटात केक खातात. पण कधी कधी मध्येच क्वेता त्याच्याकडे टक लावून बघते, आणि हातून गेलेली ती वर्षं मोजतेय की काय, असं मला वाटतं. तोही ते ओळखतो. मान खाली घालून चहा ढवळतो.

माझं लाकूडही आता सुकत आलंय. टोक झिजलंय, मुठीला चीर गेलीय. जायच्या आधी एवढं एकच मागते. तुमच्या घरात कुणाच्या कोटाचं अस्तर कधी कुरकुरलं, तर मुकाट्याने टाके उसवत बसू नका. त्या माणसासमोर जाऊन बसा आणि विचारा. इतकी वर्षं मी त्या घरात दोघांच्या मधोमध उभी होते, आणि मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.