जात्याचा खुंटा

"खुंटा कुठंय?" रखमाबाईनं विचारलं.

"माज्या कमरेला," धोंडीबा म्हणाला. "आज पन पेजच पिऊ."

कोपरीच्या मिठागराशेजारी आमच्या घराला लागून त्याचं घर. पलीकडच्या दौलतच्या बापानं बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडून भरतीचं पाणी आत सोडलं होतं. धोंडीबाचं तयार मीठ विरघळून गेलं होतं. आता तोच दौलत पहाटे बांधावर उभा राहून धोंडीबाच्या शेवंतीला गाण्यातून विचारत होता, मागणी घालायला दाराशी येऊ का म्हणून.

आमच्याकडची रीत अशी, की मुलानं तीन पहाटा विचारायचं आणि मुलीनं दळतानाच गाण्यातून उत्तर द्यायचं. जातं सोडून गाणारीला गाव निर्लज्ज म्हणे. आज तिसरी पहाट. उत्तर नाही आलं तर दौलत मोहने गावात दुसरी सोयरीक बघायला जाणार होता. पहिल्या दोन पहाटा धोंडीबानं खुंटा काढून ठेवला आणि पोरीला दळायला शेजारीही जाऊ दिलं नाही.

"अवो, पेज पिऊन काल तुमच्याच्यानं फावडं उचललं नाय."

"मंग तू दळ."

"माजा हात सुजलाय."

हात सुजलेला नव्हता. मी नंतर पाहिला.

"मीच दळतो!" धोंडीबानं खुंटा ठोकला आणि बसला. आळीत कुणी बाप्या दळताना पाहिला नव्हता. जात्याची वरची तळी अर्धी फिरे आणि अडे. तांदूळ बाहेर उडत होते.

तेवढ्यात बांधावरून गाणं आलं. शेवंती समोर बसली, बापाच्या मुठीवर तिनं मूठ ठेवली.

"हात काढ!"

"बाबा, एकट्यानं नाय फिरत."

तो ओढी, ती ढकली. जातं फिरू लागलं, तशी ती गायली:

"दारी बसला बाप माजा, हाती जात्याचा खुंटा,
पुढल्या दारी ये रे सजना, मागल्या दारी नाय वाटा."

आवाज दाबायला धोंडीबानं जोर लावला. जातं घरघरलं, तसा तिचा सूर आणखी चढला.

"जातं थांबवा की मंग," रखमाबाई म्हणाली.

त्यानं सुपात पाहिलं. अर्धे तांदूळ शिल्लक होते. तो थांबला नाही.

बांधावरचं गाणं बंद झालं.

पीठ जाडंभरडं निघालं, भाकरीच्या कडा फाटल्या. धोंडीबानं तीन खाल्ल्या. उजाडल्यावर त्यानं पुढचं दार सताड उघडलं आणि फावडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला.

"येऊ दे," तो म्हणाला. "पयलं मिठाचं बोलू."