कुकरातली पोपटी

माझी शिट्टी आता एकदम वाजत नाही, आधी बराच वेळ नुसती फुसफुसते. तेव्हा मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मी पाच लिटरचा एक जुना कुकर आहे. सुंदराच्या लग्नात खालापूरच्या मामांनी मला आहेरात दिलं. कशेळ्याच्या पलीकडे तिच्या सासरी मी आलो, तेव्हा तिथे चुलीवरच्या पातेल्यांचं राज्य होतं. पाहुणे आले की मला खाली काढत, एरवी मी फळीवर ऐटीत बसून असे.

माझी ऐट उतरली ती समीक्षाच्या आजारपणात. सुंदरा आणि वाल्मिकची ही एकुलती एक मुलगी, दुसरीत शिकणारी. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईच्या हॉस्पिटलात सारखं जावं लागे, म्हणून वाल्मिकने शेती भावावर सोपवली आणि कर्जतला भिसेगावात चाळीतली एक खोली घेतली. औषधांनी पोरीचं अंग इतकं कमजोर झालं होतं की साधा जंतूही तिला भारी पडला असता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "प्रत्येक घास ताजा, कुकरमध्ये शिजवलेला. कच्चं नको, शिळं नको, बाहेरचं तर मुळीच नको." त्या दिवसापासून मला फळी माहीत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ माझी शिट्टी वाजू लागली. मला घासून घासून सुंदराच्या बोटांची सालं निघाली.

शेजारणी मायेने काहीबाही करून आणत. सुंदरा दारातूनच डबा परत करी. "तिला नाय चालत वो," एवढंच तिला सांगता येई. पण लोकांना वाटलं, ही आपल्या हातचं खात नाही. हळूहळू डबे थांबले. डब्यांबरोबर त्यांची मुलंही यायची थांबली.

इकडे समीक्षा जेवेना. मऊ भात पाहिला तरी तोंड फिरवायची. वजन उतरत चाललं. अंगात ताकद नसेल तर पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा वाल्मिकचा चेहरा पडला. थंडीचे दिवस होते. एका दुपारी पोर आपणहून म्हणाली, "बाबा, मला पोपटी पायजे."

पोपटी तुम्ही खाल्ली आहे ना? शेतावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वर जाळ करून वालाच्या शेंगा भाजतात, ती. वाल्मिकने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. शेंगा नीट धुऊन, घरी कुकरात शिजवल्या तर चालतील, असं कळलं. लगेच तो गावाकडून शेंगा आणि पाला घेऊन आला.

"पोपटी म्हंजे बाप्याचं काम," असं म्हणत त्याने सुंदराला बाजूला सारलं आणि पाला, शेंगा, ओवा, मीठ माझ्या पोटात भरलं.

"आवो, थोडं पानी टाका," सुंदरा म्हणाली.

"पोपटीत कुनी पानी घालतं काय गं?"

मडक्यात नसतील घालत, पण मी काही मडकं नाही! माझं बूड कोरडंच तापलं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला आणि खोलीत धूरच धूर झाला. सुंदराने मुलीला उचलून बाहेर नेलं. वाल्मिक कपाळाला हात लावून खाली बसला. तेवढ्यात मास्कच्या आडून समीक्षा खदखदून हसली. "बाबा, शेतावरच्यावानी वास आला!"

खालच्या शेंगांचा कोळसा झाला होता, वरच्या मात्र छान शिजल्या होत्या. वाल्मिक एकेक सोलत गेला आणि ती खात गेली. आणखी मागून खाल्ल्या. त्यानंतर ती थोडं थोडं जेवू लागली आणि पुढचं औषध ठरल्या दिवशी मिळालं. मला नवा व्हॉल्व्ह बसला, आणि जळक्या बुडाचं मला अजिबात दुःख झालं नाही.

पण आजार हटला नाही. शिमग्याच्या आधी तिला ताप चढला. जीप करून हॉस्पिटलात नेलं, पण ती वाचली नाही. कर्जतला आणून नदीकाठी तिला अग्नी देऊन वाल्मिक खोलीवर परतला.

अशा घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात. पलीकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्या अंबूबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सुंदरा उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"आजचंच हाय ना, मावशी? झाकून आनलंत ना? तिला शिळं नाय चालत वो."

अंबूबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं. "आत्ताच केलंय गं बाय," त्या म्हणाल्या. "गरम हाय." मग दोघी उंबऱ्यातच बसल्या आणि खूप रडल्या. मी ओट्यावर रिकामा पडून होतो. आपल्याला रडता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता माझ्यात दोघांपुरता भात शिजतो. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आजारी मुलाच्या आईने तुमच्या घरचा डबा परत केला, तर राग धरू नका. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी जा आणि दाराबाहेर उभं राहून त्या मुलाला नावाने हाक मारा. शाळा सुटायची वेळ झाली की समीक्षा खिडकीशी जाऊन बसायची. चाळीतली मुलं समोरून दप्तरं घेऊन घरी जायची आणि तिला हाक मारायला कुणी थांबत नसे.