सहीचा रकाना

मावशी बेचाळिसाव्या वर्षी शिकून आली आणि माझ्या वाट्याला आली. नात्याने ती कोणाचीच मावशी नाही. दवाखान्यात येणारी मुलं म्हणतात, म्हणून आम्हीही. स्पीच थेरपिस्टचा परवाना हवा असेल तर पदवीनंतर वर्षभर परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. प्रत्येक तासाची नोंद ठेवायची आणि पानोपानी सही घ्यायची. पहिल्याच आठवड्यात तिने साडेदहाऐवजी दहा चाळीस लिहिलं, तर मी तिला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. कागदांच्या बाबतीत मी खाष्ट आहे आणि त्याचा मला तोराही होता.

काल तिचं वर्ष संपलं. एक तारखेला एका शाळेत रुजू व्हायचं होतं, पण परवाना हातात असेल तरच. शेवटच्या अर्जावर माझ्या परवान्याची मुदत लिहायची होती, म्हणून भिंतीवरच्या फ्रेमकडे मान वळवली. मुदत अकरा आठवड्यांपूर्वीच संपली होती. नूतनीकरणाचा अर्ज मी भरून ठेवला होता, तो पाठवायचाच राहिला होता. म्हणजे मी अकरा आठवडे बिनपरवाना, आणि माझ्या हाताखाली तिने भरलेले एकशे नव्वद तास बाद.

परवाने देणाऱ्या परिषदेत कोण एवढं डोळ्यांत तेल घालून बघतंय, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, चांगली पाच मिनिटं ते घोळत राहिलं. मग दहा चाळीसचं पान आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मावशीला बोलावून एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे शाळा गेली?"

"एक तारखेची तरी गेली. हे तास दुसऱ्या कोणाकडे तरी पुन्हा भरावे लागतील. चूक माझी आहे, असं मी आजच परिषदेला लिहिते."

"दहा मिनिटांसाठी पान लिहायला लावलंत, मॅडम."

"हो."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"उद्या आजोबांना कोण बघणार?" तिने विचारलं. आजोबा आमचे पेशंट; पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती. याच अकरा आठवड्यांत तिने त्यांच्याकडून 'हो', 'नको', 'पाणी' वदवून घेतलं होतं, तेही आपण विचारलं तर. आता मला बघता येत नव्हतं आणि तिलाही. तिनेच स्पीकरवर फोन लावला. तो आजोबांनीच उचलला.

"आजोबा, उद्या येऊ नका."

पलीकडून 'क... क...' असं अडखळणं ऐकू आलं.

"का?"

आजवर त्यांनी आपणहून काही विचारलं नव्हतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या कागदात चूक झालीय," ती म्हणाली. "घरच्यांना सांगून दुसरी सोय करते."

फोन ठेवून तिने सवयीने वही ओढली, घड्याळात दोनदा पाहिलं आणि मिनिटासकट वेळ घातली. पुढे लिहिलं, 'स्वतःहून प्रश्न विचारला.' सहीचा रकाना तिने कोराच सोडला आणि वही माझ्यासमोर न ठेवता पिशवीत घातली.