विशेष काही नाही

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या छोट्या कंपनीत तिला सगळे 'कटकट' म्हणत, आणि ते नाव तिने कष्टाने कमावलं होतं. कुठल्या लिफ्टचा दोर कधी तपासायचा, कुठल्या दाराला तेल कधी द्यायचं, हे ती ठरवायची आणि काम होईपर्यंत मेकॅनिकचं डोकं खायची. संध्याकाळी नोंदवहीत 'आज विशेष' असा एक रकाना भरावा लागे. तीन वर्षं ती तिथे एकच वाक्य लिहीत आली होती: विशेष काही नाही.

आता तेच तिच्या मुळावर आलं होतं. एमबीएच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस, मुदत सहापर्यंत, आणि अर्जात विचारलं होतं, 'कामावर ओढवलेला कठीण प्रसंग तुम्ही कसा निभावला?' प्रसंग आणायचा कुठून?

"अगं, थोडं तिखटमीठ लावावंच लागतं," ताई रविवारी म्हणाली होती. पण ताईने एकदा हात घातला की ती थोडक्यावर थांबते थोडीच! तिने अर्जात पाच माणसं दोन तास लिफ्टमध्ये अडकवली, त्यांत एक गरोदर बाई घुसवली आणि धाकट्या बहिणीकडून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढवलं. छंदांच्या रकान्यात तिला बॅडमिंटन क्लबची कर्णधारही करून टाकलं. वास्तविक ती तिथे नुसते गुण मोजायची, कारण दुसऱ्या कुणी मोजले की भांडणं व्हायची.

आज दुपारी तिने डोळे मिटून 'पाठवा'चं बटण दाबलं. तेवढ्यात एका मेकॅनिकचा फोन आला म्हणून ती उठून गेली.

तीन वाजता साहेब केबिनमधून बाहेर आले. शिफारसपत्र त्यांनी लिहायचं होतं आणि परस्पर कॉलेजला पाठवायचं होतं.

"पाठवलं बघ!" चष्मा कपाळावर सारत ते म्हणाले. "शेवटचं वाक्य ऐक. 'आमच्याकडे चाळीस लिफ्ट आहेत. ही मुलगी आल्यापासून तीन वर्षांत एकही माणूस एकाही लिफ्टमध्ये अडकलेला नाही.' कसं वाटलं?"

"छान आहे, साहेब," ती कशीबशी म्हणाली. साहेबांच्या पत्रात कुणीच अडकलेलं नाही, आणि तिच्या अर्जात गरोदर बाईसकट पाच जण! प्रवेश तर गेलाच. वर साहेबांसारख्या सरळ माणसालाही आपण खोटं पाडलं. तिला स्वतःची लाज वाटली.

ती कॉम्प्युटरकडे धावली. पडद्यावर लाल अक्षरं होती: 'फोटोचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे. अर्ज स्वीकारलेला नाही.'

एरवी तिने त्या फोटोला शिव्या घातल्या असत्या. आता त्याचे पाय धरावेसे वाटले.

तिने गरोदर बाईसह पाचही जणांना पुसून टाकलं आणि लिहिलं, 'माझ्या कामावर कठीण प्रसंग ओढवला नाही. तो ओढवू नये हेच माझं काम आहे.' पुढे ते काम कसं करते, हे सविस्तर लिहिलं. छंदात लिहिलं, 'बॅडमिंटनचे गुण मोजते. भांडणं बंद झाली आहेत.' फोटो लहान केला, बटण दाबलं आणि या वेळी जागची हलली नाही. 'अर्ज मिळाला' असं उमटलं तेव्हा पाच वीस झाले होते. जीव भांड्यात पडला, आणि ती एकटीच खुदकन हसली.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तीन वर्षांत खरंच काही झालं नाही?"

"नाही, सर."

"मग हे जमवलंत कसं, तेवढं सांगा."

ती इतकी बोलत सुटली की शेवटी त्यांनाच तिला थांबवावं लागलं.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा साहेबांनी ते दोनदा वाचलं. "आता आमचं डोकं कोण खाणार?" असं म्हणून ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी तिने नोंदवही उघडली, तर रकाना आधीच भरलेला होता. साहेबांचं वाकडंतिकडं अक्षर तिने लगेच ओळखलं.

'आज विशेष: पोरीला प्रवेश मिळाला. लिफ्ट सगळ्या चालू.'