जिवंतांसाठी दोन मिनिटं

पत्रकार मित्र मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वर यांना परदेशातल्या अन्यायाची फार चीड होती. इथल्या अन्यायाचीही असावी, पण ती दाखवायला त्यांना सवड मिळाली नव्हती. परदेशात तीन पत्रकारांना तुरुंगात डांबल्याची बातमी मोबाईलवर वाचली आणि त्यांनी लगेच सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात मेणबत्त्या लावून निषेध करायचं ठरवलं. फ्लेक्सवर देशाचं नाव मात्र घालायचं नाही, असंही ठरलं. पुढच्या वर्षी ते सहकुटुंब परदेश सहलीला निघणार होते आणि सहलवाल्यांनी अजून देश कळवला नव्हता.

इंद्रायणी ही मंडळाची सगळ्यात नवी सभासद. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती एका छोट्या सांजदैनिकात लागली होती. तिथे तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सिद्धाराम सध्या गावातल्याच तुरुंगात होता. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून भरतात आणि त्यात काय काय सापडतं, हे त्याने छापलं. दोन दिवसांत टँकरमालक रुद्रप्पाअण्णांच्या माणसाने त्याच्यावर खंडणीची तक्रार ठोकली.

इंद्रायणीचं मागणं एवढंच होतं, की त्या तिघांची नावं घेताना सिद्धारामचंही घ्यावं. यज्ञेश्वर म्हणाले, "बघू की." सोलापुरात वाढूनही तिने या उत्तराचा अर्थ होकार असा लावला. वर वेळापूरला फोन करून सिद्धारामच्या आईला, सारजाबाईंना, कळवूनही टाकलं. सारजाबाई दुपारच्या एसटीने आल्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला मुलाचा फ्रेम केलेला फोटो होता. नाव कधी घेणार, हे त्यांनी स्टँडवर विचारलं, रिक्षात विचारलं आणि चौकात उतरल्यावर परत विचारलं. प्रत्येक वेळी इंद्रायणी म्हणाली, "घेतील, मावशी."

मग तिने फ्लेक्स पाहिला. मेणबत्ती म्हटलं की फ्लेक्सवाल्याकडे एकच डिझाईन. 'भावपूर्ण श्रद्धांजली'तल्या श्रद्धांजलीवर कागद चिकटवून 'पाठिंबा' लिहिलं होतं. भावपूर्ण पाठिंबा. कोपऱ्यात ते तिघे, टपाल तिकिटाएवढे. मधोमध हात जोडलेले, हसरे, गॉगल लावलेले प्रमुख पाहुणे रुद्रप्पाअण्णा.

खाली टेबलावर तिघांचे फोटो मांडले होते. झेंडूचे हार घातलेले, पुढे उदबत्ती.

"अहो, हे जिवंत आहेत," इंद्रायणी सचिव देवदत्तला म्हणाली.

"मग काय फोटो मोकळेच ठेवायचे?" देवदत्त दुखावला. "बरं दिसतं का ते?"

ती यज्ञेश्वरांकडे गेली. त्यांनी तिला बाजूला घेऊन वडीलकीने समजावलं. सिद्धारामचा विषय न्यायप्रविष्ट आहे. तो स्थानिकही आहे. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात स्थानिक विषय घुसडला की कार्यक्रमाची उंची जाते. शिवाय मांडव, माईक, मेणबत्त्या सगळं अण्णांकडून आलंय. आई आली असेल तर येऊ दे की, पुढच्या खुर्चीवर बसवू. चहा पण सांगू.

ती परत आली तोवर सारजाबाईंची मांडी रिकामी होती. देवदत्तने चौथा फोटो मंडळाचाच समजून उचलला होता. परदेशी माणसं ओळखण्यात त्याचा तसाही हात बसलेला नव्हता. त्याने फोटो टेबलावर मांडून त्यालाही हार घातला आणि तो माईकची वायर बघायला गेला. सारजाबाई फोटोकडे बघत बसल्या. त्यांना वाटलं, इकडे अशीच रीत असेल.

अण्णांचं भाषण झालं. परदेशात लेखणीचा गळा घोटला जातो, आपल्याकडे तिची पूजा होते, असं ते म्हणाले. चौकाला ज्या चौघा हुतात्म्यांचं नाव आहे, त्यांच्यातला एक जण स्वतः वर्तमानपत्र चालवायचा. हे मात्र कुणाच्याच भाषणात आलं नाही. यज्ञेश्वरांनी तीन नावांचा कागद वर काढला, ओठ हलवून पाहिले आणि "आपले तिघे परदेशी बांधव" म्हणून पुन्हा खिशात घातला. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. इंद्रायणी सायन्सची आहे, वेळ ती बघेल." माईक तिच्या हातात आला.

सगळे उठले. माना खाली गेल्या. उठल्या नाहीत त्या एकट्या सारजाबाई. वेळापुरात माणूस गेल्यावर शोकसभेत असंच उभं राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा हाराकडे. मग त्या उठल्या आणि सरळ टेबलाशी गेल्या.

सिद्धारामच्या फोटोचा हार त्यांनी काढला. मग शेजारचा काढला. मग उरलेले दोन.

स्तब्धतेत हलायचं नसतं, बोलायचंही नसतं. देवदत्तचा हात अर्ध्यात थांबला. यज्ञेश्वरांनी डोळे मोठे केले, पण मान उचलली नाही. समोर मोबाईलवर शूटिंग सुरू होतं. अण्णा टेबलाच्या अगदी पुढे उभे होते, हात जोडून, मान वाकवून, थेट सिद्धारामच्या फोटोसमोर. आपण कुणाला नमस्कार करतोय हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. पण हात सोडवत नव्हते आणि जोडून धरवतही नव्हते.

सारजाबाई इंद्रायणीपाशी आल्या. "नाव कवा घेणार हायती, पोरी?"

इंद्रायणीने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"सिद्धाराम," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज मोठा होऊन परत आल्यावर दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "माजा सिद्धाराम. जित्ता हाय त्यो. ही तिगं बी जित्ती हायती न्हवं? मग हार कशापायी? मी फोनवरच म्हनत हुते, मला लेकाला भेटवा. परदेशात न्हाय त्यो. हितनं रिक्षा जातीया की तितं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अण्णांनी मान न उचलता दातांतल्या दातांत यज्ञेश्वरांना काहीतरी सुनावलं. स्तब्धता यज्ञेश्वरांनीच पुकारली होती, ती त्यांना मोडवेना. त्यांनी भुवया उडवल्या, बोटाने मनगटावर टकटक केली आणि इंद्रायणीला संपव म्हणून खुणावलं.

इंद्रायणीने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"अजून वेळ आहे, मावशी," ती म्हणाली. "टँकरच्या पाण्याचं काय झालं, ते पण सांगा."