पेठेच्या लग्नाची कॅसेट

दादाभाऊला मी शंभरदा सांगितलं, "अरे बाबा, पिच्चर कागदावर निघत न्हाई, कॅमेऱ्यात निघतो." ऐकेल तर शपथ! आळेफाट्याला गॅरेजात दिवसभर ट्रकखाली पडायचं आणि सांजच्याला ग्रीसच्या बोटांनी दोनशे पानी वही भरायची. एक खर्डा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. सोळा झाले, राव, सोळा! तेवढ्यात लोकांच्या पोरी उजवून नातवंडं अंगणात खेळाय लागली.

मी सावळेराम. नारायणगावात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान हाय, लग्नाच्या कॅसेटी काढतो. दादाभाऊ शाळेपासूनचा दोस्त. आणि त्याचा पिच्चर व्हता त्याच्या आईवर, गोजरमावशीवर.

त्यांची वाडी आंबेगावाकडली, डोंगरातली. धरण झालं, वाडी पाण्याखाली गेली, माणसं वर टेकाडावर राह्यला गेली. पण मे महिन्यात पाणी उतरतं आणि घरांची जोती उघडी पडतात. मग मावशी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन खाली जायची आणि आपल्या जुन्या घरातली चुलीची जागा सारवायची. घर सोडताना चूल सारवून सोडायची, खरकटी सोडायची न्हाई, अशी त्यांची रीत. धरणाच्या घाईत तिचं तेवढं राह्यलं आणि जिवाला लागलं. दर साली ती सारवायची, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की सगळं पुन्हा धुऊन जायचं. एवढीच गोष्ट. पण दादाभाऊनं सांगितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

नव्व्याण्णव साली मे महिन्यात एक गुरुवार बिनलग्नाचा सापडला. आमी कॅमेरा घेऊन जोत्यावर गेलो. "नुसती टेस्ट घेऊ," दादाभाऊ म्हणाला. मावशी कॅमेऱ्याला काय भीक घालती? पदर खोचला आणि बसली सारवायला. हात चालू आणि तोंडबी चालू. इथं दूध उतू गेलं, इथं दादाला चटका बसला, इथं मालक शेवटचं जेवले. चाळीस मिनिटं. मी जन्मात जेवढं काढलं त्यात सगळ्यात चांगलं ते, लेकरांची शपथ घेऊन सांगतो.

मग त्याला पुण्याच्या प्राची मॅडम भेटल्या. स्वतःच्या हिमतीवर छोटे पिच्चर काढायच्या, बाई चांगली. म्हणाल्या, "आईंचं काम आईच करतील. पण आधी लिखाण पक्कं करा." आता पक्कं म्हणजे काय, ह्ये कुणाला ठाव? तिसऱ्या खर्ड्यात एक पुढारी आला. पाचव्यात एक प्रेमप्रकरण शिरलं. नवव्यात दोन्ही गेले. अकराव्यात पुन्हा आपली आई आणि चूल. पहिले पाढे पंचावन्न!

आणि मे महिना आला की त्याचा खर्डा अर्धा, न्हाईतर माझी लग्नसराई. जोती उघडी पडायची नेमकी तेव्हाच माझ्या तारखा भरलेल्या. मावशी निरोप धाडायची, "औंदा तरी येनार का रं? माझं गुडघं आता ऱ्हायलं न्हाईत." मी दादाभाऊवर खेकसायचो, "कच्चं तर कच्चं, काढून घेऊ." तो शांतपणे म्हणायचा, "घाई कशाची? टेस्ट हाय ना आपल्याकडं."

टेस्ट नव्हती आपल्याकडं. ह्येच सांगायचं हाय मला.

दोन हजार एकचा मे. एका दिवसात तीन लग्नं धरलेली, हावरटपणा सगळा. तिसरं पेठ गावाला. तिथं मंगलाष्टकं सुरू व्हायची येळ आणि नवी कॅसेट सापडेना. पिशवीत हात घातला, आली ती कॅमेऱ्यात घातली. पाठवणी झाल्यावर बाहेर काढली, तर लेबलावर माझ्याच अक्षरात 'गोजरमावशी'. पुढं काय उरलं ते बघायची छाती झाली न्हाई. कॅसेट तशीच लग्नवाल्यांना देऊन टाकली, आणि दादाभाऊपाशी तोंड उघडलं न्हाई. म्हटलं, म्हातारी जिती हाय, पुढल्या मे महिन्यात दुसरी काढू. तीन वर्षं मी त्याच्यावर खेकसत राह्यलो ते ह्याच्यामुळं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

दोन हजार चारला सोळावा खर्डा पास झाला. दहा मेपासून शूटिंग ठरलं. मी चार लग्नं परत केली. आणि चैत्रात मावशी गेली, झोपेतच.

दहावा झाल्यावर दादाभाऊ दुकानात आला, डोईचे केस काढलेले. म्हणाला, "सावळ्या, ती टेस्ट काढ. मॅडम म्हणाल्या, तीच पडद्यावर दाखवू, बाकीचा पिच्चर तिच्याभवती उभा करू. आई हाय ना त्यात."

मी सांगितलं, सगळं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझ्या दुकानाचं शटर त्यानंच खाली ओढलं आणि म्हणाला, "चल पेठेला."

पेठेला नवरीची आजी ठकूबाई घरात व्हती. मी लग्नाचा शूटिंगवाला, म्हटल्यावर कौतुकानं चहा केला, कॅसेट लावली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. दादाभाऊ गुडघ्याला मिठी घालून बघत व्हता. कुणाकुणाची मामी, कुणाकुणाचा चुलता, सगळे बघितले त्यानं. नवरी रडली, जीप धुरळ्यात गेली, टीव्हीवर मुंग्या आल्या. मी मान खाली घालून उठलो.

"बसा की भाऊ," ठकूबाई म्हणाली. "आजून ती बाई यायची हाय."

आणि मावशी आली. जोत्यावर उभी, मागं धरणाचं पाणी. कोपरापर्यंतचं शेण धूत व्हती. वर बघून हसली आणि म्हणाली, "झालं रं सारवून. आता येऊ दे पाणी." मिनिटभरबी नसंल. मग अंधार.

ठकूबाई म्हणाली, "कोन हाय बया, आमाला ठाव न्हाई. नवऱ्याकडची आसंल म्हनतो. पर तिचं ऐकल्याबिगर आमी टीव्ही कधी बंद करीत न्हाई."

"माझी आई हाय ती," दादाभाऊ म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडाय लागला. स्मशानात त्याच्या डोळ्याला टिपूस नव्हतं. ठकूबाईनं त्याला पोटाशी धरलं, परका माणूस तिला, तरी धरलं. मी दारात चपलांपाशी उभा. आत जायचा हक्क मला नव्हता.

तेवढ्या मिनिटाची नक्कल काढून मी मॅडमना धाडली. त्यांनाबी रडू आलं, पण मिनिटावर पिच्चर उभा राहत न्हाई. दुसरी बाई घेऊ म्हणाल्या. दादाभाऊ नको म्हणाला. सोळा वह्या त्यानं पत्र्याच्या पेटीत घातल्या, आणि पिच्चर तिथंच संपला.

दहा मे आली. माझ्या तारखा मोकळ्याच व्हत्या. दादाभाऊनं सकाळी दुकानासमोर गाडी उभी केली आणि म्हणाला, "येतोस?" पेठेवरनं आल्यापासून पहिल्यांदा बोलला माझ्याशी. मी कॅमेरा घेतला न्हाई.

जोत्यावर तो पाटी उतरून सारवाय बसला. त्याला सारवता कुठं येतंय, सगळी ढेकळं राह्यली. मी खालनं पाणी आणून देत व्हतो. झाल्यावर त्यानं हात धुतले, धरणाकडं तोंड केलं आणि आईचं ते वाक्य म्हणायला गेला. "झालं..." म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणवलं न्हाई.