कालवांचा श्वास

महिन्याभराची रजा मिळाली, असं सांगून इला वर्ध्याजवळ सेलूला घरी आली. खरं तर रजा द्यायला आता कुणी उरलंच नव्हतं. कोकणातल्या एका खाडीवर सहा वर्षं ती ज्या प्रकल्पात काम करत होती तो बंद पडला होता, आणि तो बंद पाडणारे आकडे तिचेच होते.

प्रकल्प कालवांचा होता. कालव म्हणजे खाडीतला खडबडीत शिंपला. पाण्यातला कार्बन घेऊन तो आपलं चुन्याचं कवच बांधतो. हवेतला कार्बन असा कवचांत कोंडायचा आणि कवचं तळाशी गाळात पुरून टाकायची, म्हणजे शेकडो वर्षं तो वर येणार नाही, अशी कल्पना. इलाचे वडील हरिभाऊ सेलूच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना या कामाचा कोण अभिमान! ऊन तापायला लागलं की पानठेल्यावर ते सांगायचे, आमची इला याच्यावरच इलाज करून राह्यली.

पण कवच बांधलं जाताना पाण्यातून कार्बनचा वायू सुटतोही. प्रकल्पाच्या गणितात तो किरकोळ धरला होता. इलानं दोन वर्षं झाकलेल्या टाक्यांमध्ये कालवं वाढवून तो मोजला. कवच बांधताना सुटलेला आणि कालवांनी श्वासातून सोडलेला वायू मिळून कोंडलेल्यापेक्षा जास्तच भरला. प्रकल्पाच्या प्रमुखांनी ते पान अहवालातून गाळायला सांगितलं. तिनं गाळलं नाही. चार महिन्यांत निधी थांबला, कालवं वाढवायचे तराफे ओढून किनाऱ्यावर टाकले गेले आणि त्यांच्यावर राबणाऱ्या बारा बायका घरी बसल्या. जाताना त्यांतली एकही इलाशी बोलली नाही.

हे सगळं पोटात ठेवून ती आठवडाभर घरात वावरली. मग एका सकाळी हरिभाऊ शाळेतून हरखून आले. शनिवारी इलाचं व्याख्यान ठरलं होतं, फळ्यावर तिचं नावही लिहून झालं होतं. तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

हरिभाऊंनी फक्त तिची मोजमापांची वही मागितली आणि ती घेऊन ओसरीवर बसले. दोन दिवस त्यांचं तेच चाललं होतं. आई, यशोदाबाई, जेवायला हाक मारायच्या; ते उठायचे, चार घास खायचे, परत वहीपाशी जायचे. ते चूक शोधतायत, हे इलाला कळत होतं. ती सापडावी, असं तिलाही वाटत होतं.

तिसऱ्या दुपारी त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "मी तं वर्गात हेच शिकवत होतो. पाणी उकळलं का भांड्याले चुना धरते अन् वायू उडून जाते. मले काऊन नाई सुचलं?"

"तुम्ही विचारलं होतं, बाबा. पहिल्याच वर्षी, फोनवर. ही शाळेतली केमिस्ट्री नाई, असं म्हटलं होतं मी तुम्हाले."

त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "मले आठवत नाई," म्हणाले.

खरंच आठवत नव्हतं की तिच्यासाठी म्हणाले, ते इलाला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

संध्याकाळी ते शाळेत जाऊन आले. इलाची तब्येत बरी नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितल्याचं तिला आईकडून कळलं. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा हा माणूस. अहवालातलं एक पानही न गाळणारी त्यांची पोर त्या रात्री जेवली नाही.

आता वर्ध्याला विहिरींचं पाणी तपासायचं कंत्राटी काम तिला मिळालंय. सकाळच्या एसटीनं ती जाते. हरिभाऊ पानठेल्याकडे फिरकत नाहीत. ती परतली की पाण्याचा गिलास हातात देतात, बसमध्ये जागा मिळाली का विचारतात. कामाचं काही विचारत नाहीत.